‘ऑर्डर’ची कुळकथा
‘ऑर्डर’ हा इंग्रजी शब्द लॅटिन ‘ओर्दो’पासून आला. ओर्दो म्हणजे रांग, ओळ, श्रेणी. ‘ओर्दिरी’, म्हणजे विणकामाला सुरुवात करणे, हे क्रियापद त्याचे भावंड समजले जाते. म्हणून मूळ अर्थ मागावर लावलेल्या धाग्यांची ओळ असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. हुकुमाचा तिथे मागमूसही नव्हता.

फ्रेंचमार्गे तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला, तोही धार्मिक पेहरावात. एका नियमाने राहणाऱ्या मठवासीयांचा संघ म्हणजे ऑर्डर; बेनेडिक्टाइन ऑर्डर हे नाव आजही चालते. ‘आज्ञा’ हा अर्थ सोळाव्या शतकात रुळला. आधी नीट लागलेली व्यवस्था, मग ती लावण्यासाठी दिलेला हुकूम, असा हा प्रवास दिसतो. अठराव्या शतकात व्यापारी ऑर्डरी देऊन माल मागवू लागले, एकोणिसाव्यात खानावळीतले गिऱ्हाईक जेवण. हाताखाली एकही माणूस नसलेल्यालाही त्यामुळे ऑर्डर सोडता येऊ लागली.

याच कुळात ‘ऑर्डिनन्स’ म्हणजे अध्यादेश येतो. तोफा-दारूगोळा या अर्थाचा ‘ऑर्डनन्स’ हे त्याच शब्दाचे आखूड झालेले रूप. अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव इथल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या नावात तो आहे.

मराठीत हुकूम, फर्मान, आज्ञा, आदेश असताना ऑर्डरला जागा मिळाली ती कचेरी आणि टपालामुळे. बदलीची ‘ऑर्डर निघते’, साहेबाच्या दिमतीला ‘ऑर्डर्ली’ असतो. हिंदुस्थानात 1880 साली मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले. त्यातली ऑर्डर म्हणजे अमुक माणसाला इतके पैसे द्या, ही एका कचेरीची दुसरीला सूचना. मुंबईच्या चाकरमान्यांनी धाडलेल्या पैशांवर कोकणातली कितीतरी घरे चालली, इतकी की ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ हा वाक्प्रचारच रूढ झाला.

जुना आणि नवा अर्थ शेजारी शेजारी पाहायचे तर 1908ची दिवाणी प्रक्रिया संहिता उघडावी. कलम 2(14)प्रमाणे ऑर्डर म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या, हुकूमनामा नसलेल्या निर्णयाची औपचारिक अभिव्यक्ती. पहिल्या अनुसूचीत मात्र ऑर्डर म्हणजे विषयवार लावलेला नियमांचा गट. त्यामुळे वकील तात्पुरत्या मनाईचा अर्ज ‘ऑर्डर 39’खाली करतात आणि त्यावर न्यायाधीश ऑर्डर देतात.