नोकराची तपासणी आणि तपासनिसाची

अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांच्या नियमावलीत ‘जी’ या अक्षराने ओळखला जाणारा एक नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आला आहे. कामावर असता मादक पेयांचे सेवन करू नये, हा त्याचा आशय. नियम कडक खरा. परंतु तो मोडला हे ठरवावयाचे कोणी व कशाने? वरिष्ठाच्या नाकाने! तोंडास वास येतो, पाय लटपटतात, जीभ अडखळते, एवढ्या लक्षणांवर एखाद्याच्या संसाराची भाकर जाई. आणि ज्याचे सोबती त्यास पाठीशी घालीत, तो खुशाल इंजिनावर चढे. फिर्याद करणारा आणि निवाडा देणारा एकच, असा हा कारभार दीर्घकाळ चालला.

नाकाचे काम यंत्राकडे सोपविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न झाला तो मोटार हाकणारांसाठी. १९३० नंतरच्या दशकात इंडियाना विद्यापीठातील रोला हार्गर या रसायनशास्त्रज्ञाने एक उपकरण सिद्ध केले. संशयिताने फुग्यात श्वास सोडावयाचा; तो श्वास जांभळ्या रंगाच्या द्रावणातून नेला म्हणजे मद्याच्या प्रमाणात रंग उडत जाई. पुढे १९५४ मध्ये रॉबर्ट बोर्केनस्टाइन याने त्याहून सुटसुटीत व भरवशाचे यंत्र तयार केले. मद्याच्या बाबतीत हा मार्ग न्यायाचा होता. कारण श्वासातील मद्य हे त्या घटकेस रक्तात असलेल्या मद्याचेच माप होय.

गांजा, कोकेन यांची गोष्ट निराळी. त्यांचा शोध मूत्रात घ्यावा लागतो, आणि मूत्रात सापडते ते शरीराने पचवून टाकलेल्या द्रव्याचे अवशेष. गांजाचे अवशेष कित्येक दिवस, व्यसनी मनुष्याच्या बाबतीत तर कित्येक आठवडे, टिकून राहतात. म्हणजे हा मनुष्य आज कामावर झिंगलेला होता की काय, हे या परीक्षेवरून कळत नाही; त्याने मागे केव्हातरी ते द्रव्य घेतले होते, एवढेच कळते. हा भेद ध्यानात न घेता या विषयावर जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक फोल समजावे.

तथापि सरकारपुढील प्रश्नही खोटा नव्हता. १९७२ ते १९८३ या काळात निदान २१ मोठ्या रेल्वे अपघातांत मद्य वा मादक द्रव्य हे कारण किंवा साहाय्यक कारण असल्याचे रेल्वे खात्यास आढळले. त्यांत २५ माणसे दगावली. म्हणून १९८५ मध्ये नियम झाला, की मोठा अपघात झाल्यास संबंधित नोकरांचे रक्त व मूत्र तपासलेच पाहिजे. मग कोणाचा संशय असो वा नसो. १५ सप्टेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी खुद्द सरकारी नोकरांसाठीही अशा तपासणीचा हुकूम काढला. त्यावर वादाचे मोहोळ उठले असतानाच चेस येथील अपघात घडला.

तारीख ४ जानेवारी १९८७, वार रविवार. वॉशिंग्टनहून बोस्टनकडे निघालेली उतारूगाडी मेरिलँड प्रांतात चेस या ठिकाणी ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने येत होती. नाताळची सुटी संपवून परतणारी मंडळी तीत पुष्कळ. इतक्यात एकमेकांस जोडलेली तीन मोकळी इंजिने थांबण्याचा सिग्नल ओलांडून तिच्याच रुळावर येऊन उभी राहिली. १६ जीव गेले. धोक्याची सूचना देणारी इंजिनातील शिटी चिकटपट्टी लावून दाबून टाकली होती. आणि त्या इंजिनांवरील चालक व त्याचा सोबती या दोघांच्याही तपासणीत गांजाचा अंश निघाला. चालकास पुढे कारावास झाला. कामगार संघांची बाजू त्या दिवसापासून दुबळी झाली, यात नवल नाही.

परंतु त्याच वर्षी एक दुसरी गोष्ट उघडकीस आली, आणि ती लोकांच्या ध्यानात फारशी राहिली नाही. रेल्वे अपघातांतील नमुने ओक्लाहोमा सिटी येथील ज्या सरकारी प्रयोगशाळेकडे जात, तिच्या प्रमुखानेच रक्ततपासणीचे खोटे अहवाल दिल्याचे न्यायालयात कबूल केले. तपासणी न करताच निकाल! ज्या कागदावर नोकराची अब्रू व रोजी अवलंबून, तो कागदच बनावट. मद्यपी चालकाइतकाच असा परीक्षकही धोक्याचा म्हटला पाहिजे. फरक इतकाच, की त्याच्या अपघाताचा आवाज होत नाही.

११ एप्रिल १९८८ रोजी आरोग्य खात्याने जे बंधनकारक नियम प्रसिद्ध केले, त्यांत म्हणूनच नोकरापेक्षा तपासनिसावरच अधिक कलमे दिसतात. नमुना देणाऱ्याच्या हातून तो प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाकोणाच्या ताब्यात होता, याची लेखी नोंद हवी. पहिल्या ढोबळ परीक्षेत दोष दिसला, तरी दुसऱ्या पद्धतीने, अधिक सूक्ष्म यंत्राने, तो पडताळल्यावाचून निकाल द्यावयाचा नाही. त्यानंतरही डॉक्टरने कागद पाहावा व नोकरास खुलाशाची संधी द्यावी. प्रयोगशाळांकडे मधूनमधून ओळख न देता परीक्षेचे नमुने पाठवून त्यांचीही पारख करावी.

२१ मार्च १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेचा नियम ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. मूत्र घेणे ही मनुष्याची झडतीच होय, हे बहुमतानेही मान्य केले. प्रवाशांच्या जिवापुढे ती क्षम्य ठरविली, इतकेच. न्यायमूर्ती मार्शल यांनी मात्र कडक भाषेत विरोध नोंदविला. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा मद्यपी चालक गाडी रुळांवरून घसरविण्यास कारण झाला, पाचजण मेले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने वाहतुकीच्या साऱ्या धंद्यांत मद्यतपासणीही आली. शिवाय नमुन्याचे दोन भाग करून एक राखून ठेवावयाचा, व नोकराने मागणी केल्यास तो दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासावयाचा, अशी तरतूद झाली.

या काटेकोरपणातही एक चूक बरीच वर्षे राहून गेली, आणि ती आपल्याकडील कोणत्याही गृहिणीस चटकन समजेल. अफू आणि खसखस ही एकाच झाडाची. खसखस घातलेला पाव खाऊन कामावर गेलेल्या निर्व्यसनी मनुष्याच्या मूत्रातही अफूचा अंश दिसे! मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅम ही दोषाची मर्यादा होती. १९९८ मध्ये ती २,००० वर नेली, तेव्हा कोठे न्याहारीचा पाव या आरोपातून सुटला.