पुढचे आणि मागचे डिफरन्शियल : कोणते अधिक मजबूत?

लष्कर आणि पोलीस दलांमुळे परिचित झालेली मारुती जिप्सी १९८५ मध्ये भारतीय बाजारात आली. तिची सर्वसाधारण विक्री आता थांबली असली, तरी जुन्या जिप्सींना मोठे टायर बसवून त्या डोंगरवाटांवर नेणारे हौशी चालक देशभर आढळतात. वस्तीपासून दूर क्राउन-पिनियनचे दात तुटल्यास गाडी बाहेर काढणे हेच मोठे संकट ठरते.

अशा लहान वाहनांत दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये एकाच घडणीचे क्राउन-पिनियन असले, तरी त्यांचे बळ समान नसते. या चक्रांचे दात वक्र असतात आणि भार पेलण्यासाठी त्यांची एक बाजू अधिक अनुकूल असते. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये गाडी पुढे जाताना याच बाजूवर जोर येतो. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये मात्र तोच संच उलट्या तोंडाने बसवलेला असल्याने भार दुबळ्या बाजूवर पडतो. पिनियन क्राउनकडे खेचले जाते आणि दात एकमेकांत रुतू लागतात. काही मोठ्या वाहनांच्या पुढच्या अ‍ॅक्सलसाठी म्हणूनच उलट्या वळणाचे दात कापले जातात. रिव्हर्समध्ये हे चित्र नेमके पालटते. चिखलात फसलेली गाडी मागे घेताना झटके देणारे चालक मागचा संच धोक्यात घालतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

तरीही केवळ दातांवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. चढणीवर वजन मागे सरकते आणि बहुतांश भार मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. जिप्सीच्या ट्रान्सफर केसचे गुणोत्तर हाय रेंजमध्ये १.४०९, तर लो रेंजमध्ये २.२६८ आहे; म्हणजे लो रेंजमध्ये दोन्ही अ‍ॅक्सलकडे जाणारा पीळ सुमारे १.६ पट होतो. वळवलेले पुढचे चाक दगडाला अडले असता जोर दिल्यास मात्र पुढच्या बाजूची कसोटी लागते. तेथेही क्राउन-पिनियनच्या आधी चाकाजवळचा जॉइंट तुटण्याची शक्यता अधिक.

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत फिरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच अल्प जोर मिळतो. ही उणीव खरी. पण तीच दातांचे रक्षणही करते. लॉकर बसवल्यावर हे संरक्षण उरत नाही. त्यामुळे एकच लॉकर घ्यायचा असेल, तर तो मागे बसवणे अधिक सुरक्षित. मोठ्या टायरसाठी अंतिम गुणोत्तर वाढवतानाही पिनियन बहुधा लहान होते आणि त्याचे बळ घटते.