पिवळा गुलाब तिसऱ्या वर्षी गुलाबी का फुलला?



आज भाजीपाल्याची नोंद नाही, दारातल्या गुलाबाची आहे. पण यात खुंट आहे, कलम आहे, बुरशी आहे आणि वाण निवडताना आपण सगळेच करतो ती चूकही आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

चार वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून पिवळ्या गुलाबाचं कलम आणलं. आई दर गुरुवारी दत्ताला पिवळं फूल वाहते. झेंडू-शेवंती बारा महिने मिळत नाही आणि विकतच्या फुलाला वास नसतो, ही तिची तक्रार. कलमावर फूल होतं, रंग हळदीसारखा. वास घेऊन बघायचं मात्र मी विसरलो. घरी आल्यावर आईने पहिलं फूल नाकाशी नेलं आणि म्हणाली, "कागदाचं आहे का रे?"

आमचं घर भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खाडी. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. जुलैत त्या गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके आले, पानं पिवळी पडून गळाली आणि ऑगस्टअखेर नुसत्या काड्या राहिल्या. मी शेतकरी माणूस, पंप उचलला आणि दर आठवड्याला बुरशीनाशक मारत गेलो. एका गुरुवारी आईने हात धरला. "देवाला वाहायचं फूल आहे ते. आणि पोरं पाकळ्या तोंडात घालतात. दारातल्या एका झाडाला एवढं औषध?" मला उत्तर देता आलं नाही. फवारणी बंद केली. दुसऱ्या पावसाळ्यात फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत गेल्या, म्हणजे डायबॅक.

तिसऱ्या वर्षी बुंध्यातून जोमदार फुटवे आले. मला वाटलं झाड वाचलं. फुललं तर गुलाबी! शेजारी म्हणाले, माती बदलली की रंग बदलतो. तसं काही नसतं. वरचं पिवळं कलम मेलं होतं आणि खालचा खुंट फुलला होता. गंमत म्हणजे त्या गुलाबी फुलाला छान वास होता.

वरचं का मेलं आणि खालचं का जगलं, हे शोधत गेलो तेव्हा गुलाबाचा दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला.

आधी खालच्याचं सांगतो. आपल्याकडे गुलाबाच्या कलमांना जे खुंट वापरतात त्यात 'एडवर्ड' हे जुनं नाव. हा गुलाब हारासाठी, कुंपणासाठीही लावतात. त्याचं मूळ हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर. त्या बेटाचं तेव्हाचं नाव बूर्बों, म्हणून या सगळ्या गटाला बूर्बों गुलाब म्हणतात. तिथले शेतकरी शेताच्या कडेने चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब कुंपणाला लावायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दोघांचा आपोआप झालेला संकर तिथे लोकांच्या नजरेत आला. उष्ण, दमट, भरपूर पावसाचं बेट. म्हणजे हवामानाने आपल्या कोकणाचा भाऊच. असा गुलाब आमच्या मुसळधार पावसात टिकला यात नवल नाही.

आता वरच्याचं. युरोपातल्या जुन्या बागांमध्ये लाल, गुलाबी, पांढरे गुलाब होते, पण बारमाही फुलणारा गर्द पिवळा गुलाब नव्हता. पिवळेपणा दोन वाटांनी आला.

पहिली वाट पूर्वेकडची. १८२४ मध्ये जॉन पार्क्स नावाच्या माणसाने लंडनच्या बागायती संस्थेसाठी चीनमधून एक फिकट पिवळा, चहापत्तीसारखा वास असलेला गुलाब नेला. त्यातून 'टी' गुलाबांची मोठी शाखा वाढली. १८६४ चा 'मारेशाल नील' हा वेल गुलाब याच घराण्यातला. फूल पिवळं, वास भरपूर, मान मात्र नाजूक, त्यामुळे फूल खाली झुकतं. टी गुलाबांच्या पूर्वजांमध्ये 'रोझा जायगँशिया' हा रानगुलाब धरतात, आणि तो आपल्या मणिपूरचा रहिवासी आहे. जॉर्ज वॅट यांनी १८८२ मध्ये तिथेच तो नोंदवला. म्हणजे सुगंधी फिकट पिवळ्याचं एक मूळ आपल्याच देशात, भरपूर पाऊस पडणाऱ्या डोंगरात आहे.

दुसरी वाट पश्चिम आशियाची. इराणकडच्या कोरड्या, हिवाळ्यात कडक थंडी पडणाऱ्या भागातला 'रोझा फीटिडा' हा गर्द पिवळा गुलाब. 'फीटिडा' म्हणजे दुर्गंधी! त्याच्या फुलाचा वास बऱ्याच लोकांना आवडत नाही. त्याचा भरगच्च पाकळ्यांचा प्रकार, 'पर्शियन यलो', सर हेन्री विलॉक यांनी १८३७ मध्ये इंग्लंडला नेला. रंग गर्द पिवळा. पण वर्षातून एकदाच फुलायचा आणि बी धरायचा नाही म्हटलं तरी चालेल.

फ्रान्समध्ये लिऑनजवळ जोसेफ पेर्ने-दुशे नावाचा रोपवाटिकावाला होता. त्याने पर्शियन यलोचे परागकण बागेतल्या बारमाही गुलाबांवर टाकायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं शेकडो फुलांवर हात फिरवला, हाती मोजकंच बी लागलं. त्या मोजक्या रोपांतून १९०० मध्ये त्याने 'सोलेल द ओर', म्हणजे 'सोनेरी सूर्य', बाजारात आणला. १९१० चा 'रेयाँ द ओर' आणखी पिवळा. पुढे पहिल्या महायुद्धात त्याची दोन्ही मुलं मारली गेली. आपल्या पुढच्या एका पिवळ्या गुलाबाला त्याने थोरल्या मुलाचं, क्लॉदियसचं, नाव दिलं. बापाच्या हातात तेवढंच होतं.

आजचे बहुतेक गर्द पिवळे, केशरी, भगवे गुलाब या एका माणसाच्या संकरातून उतरलेले आहेत. पण रंगासोबत आणखी काही आलं. कोरड्या मुलखातल्या रोझा फीटिडाला पानावर तासन् तास पाणी साचण्याची सवयच नव्हती. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला, म्हणजे 'डिप्लोकार्पॉन रोझी'ला, तो पटकन बळी पडतो. ही बुरशी पावसाच्या थेंबांच्या उडण्याने पसरते आणि पान सात-आठ तास ओलं राहिलं की आत शिरते. आमच्याकडे जुलैत पान कोरडं राहतच नाही. रंगाबरोबर हा दुबळेपणाही पिवळ्या गुलाबांच्या रक्तात आला, असं गुलाबाचे जाणकार मानतात.

शेतकऱ्याला हे नवं नाही. एक चांगला गुण घ्यायला जावं आणि शेपटीला दुसरा नको असलेला गुण यावा. उलटही होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या रानटी नातेवाइकाशी संकर करून 'परभणी क्रांती' १९८५ मध्ये दिली, तेव्हा रानटी झाडाकडून हळद्या रोगाची प्रतिकारशक्ती आली. रानटी नातलग काय घेऊन येईल हे तो कुठे वाढलाय त्यावर ठरतं.

आणि वास? पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा, गाजरातला असतो त्या कुळातला. उन्हात तो विरतो, म्हणून बरेच पिवळे गुलाब दोन दिवसांत सायीच्या रंगाचे होतात. वासाचं गणित वेगळं आहे. २०१५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं की गुलाबाचा ओळखीचा वास तयार करण्यात 'नुडएक्स१' नावाच्या एका विकराचा मोठा वाटा आहे, आणि बिनवासाच्या जातीत तो जवळपास थंडच पडलेला असतो. फुलबाजारासाठी वाण निवडताना दांड्याची लांबी, पाकळीचा जाडपणा आणि फुलदाणीतले दिवस बघितले जातात. मावळातल्या पॉलिहाऊसमधून लग्नसराईला आणि व्हॅलेंटाइनला जाणारा गुलाब त्याच कसोट्यांवर उतरलेला असतो. त्या शेतकऱ्याचं काही चुकत नाही, त्याच्या पोटाचा तो हिशेब आहे. चूक माझी, की मी बाजाराच्या कसोटीचं झाड देवघरासाठी आणलं.

इथे एका भारतीय माणसाचं नाव घ्यायलाच हवं. डॉ. बेंजामिन पिअरी पाल. गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक आणि १९६५ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. गव्हाच्या तिन्ही तांबेरा रोगांना तोंड देणारा 'एनपी ८०९' हा वाण त्यांच्या कामातून १९५४ मध्ये आला. हाच माणूस फावल्या वेळात गुलाबाचे संकर करायचा, आणि भारतातल्या गुलाबावर त्यांनी १९६६ मध्ये पुस्तकही लिहिलं. गव्हात फवारणीपेक्षा वाणातच ताकद हवी हे ज्याने आयुष्यभर जपलं, तोच आपल्या हवेत टिकणारे गुलाब शोधत होता. पुढे एम. एस. वीरराघवन या सनदी अधिकाऱ्याने कोडाईकनालला रोझा जायगँशिया आणि पाणथळ जागेत तग धरणारा आपला रानगुलाब 'रोझा क्लिनोफायला' घेऊन उष्ण प्रदेशासाठी गुलाब तयार करण्याचं काम केलं. जर्मनीतही गुलाबाच्या 'एडीआर' चाचणीत १९९७ पासून रासायनिक फवारणी पूर्ण बंद आहे. जे झाड औषधाशिवाय तगेल तेच पास.

एवढं वाचल्यावर मी नव्याने निवड केली. पर्याय दोन काढले. 'फ्रीझिया' हा कोर्डेस यांचा १९७० च्या दशकातला, आणि 'आर्थर बेल' हा मॅकग्रेडी यांचा १९६५ चा. दोन्ही झुपक्याने फुलणारे, दोन्ही वासाचे. ओळखीच्या एका बागेत आर्थर बेलचं जुनं झाड मिळालं. ते ऐन सप्टेंबरात जाऊन बघितलं, अंगावर निम्मी पानं तरी होती. डिसेंबरात सगळेच गुलाब देखणे दिसतात. झाड पारखायचं तर पावसाळ्याच्या शेवटी.

नवं कलम विकत घेतलं नाही. दारात एडवर्डचा खुंट तयारच होता, खाडीच्या हवेला मुरलेला. जानेवारीत त्याच्या तीन जोमदार फुटव्यांवर आर्थर बेलचे डोळे भरले. दोन धरले, एक गेला. डोळे धरल्यावर वरचा गुलाबी भाग कापला. एक गुलाबी फांदी मात्र आईच्या सांगण्यावरून ठेवली आणि तिला कोपऱ्यात गुटी बांधून वेगळं झाड केलं.

बाकी केलं ते असं:

खुंटाभोवती भर घालून वाफा फूटभर उंच केला, पाण्याला वाट काढली. डोळ्याचा सांधा मातीच्या वर ठेवला.

आमच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये खारट होतं आणि गुलाब खारेपणा सोसत नाही. उन्हाळ्यात नळाचं साठवलेलं पाणी, तेही सकाळी, बुंध्याशी. पानांवर पाणी नाही.

सकाळचं ऊन मिळेल आणि वारा खेळेल अशी मोकळीक ठेवली. गळालेलं ठिपक्यांचं पान रोज उचलून लांब टाकतो, कंपोस्टमध्येही नाही. हे काम पोरांनी घेतलंय.

जूनमध्ये छाटणी नाही. कोवळी फूट पावसात सापडली की बुरशीला मेजवानी. छाटणी ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर, द्राक्षवाल्यांसारखी. दीड-पावणेदोन महिन्यांत फूल.

सांध्याच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा मुळापासून ओढून काढायचा. पहिल्या वेळी मी याच फुटव्यांना झाड वाचलं म्हणून पाणी घालत होतो.

गेल्या पावसाळ्यात ठिपके आलेच. ते येणार नाहीत असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण साधारण निम्मी पानं राहिली, फांद्या हिरव्या राहिल्या आणि पंप एकदाही उचलला नाही. डिसेंबरात पहिला झुपका आला. सकाळी गर्द पिवळा, तिसऱ्या दिवशी सायीसारखा. रंग टिकत नाही, हे खरं. आईने एक फूल नाकाशी नेलं आणि काही न बोलता देवघरात गेली.

आमच्या नाशिकला मुघल काळात गुलशनाबाद म्हणायचे. फुलांची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे, पण घरासाठी वाण निवडताना आपण अजून फोटो बघून निवडतो. ते झाड कुठल्या हवेतून आलं हे विचारत नाही. सोयाबीन असो की दारातला गुलाब, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

खाडीकाठच्या किंवा कोकणातल्या कुणाकडे वासाचा पिवळा गुलाब तीन पावसाळे बिनफवारणी टिकला असेल, तर वाण आणि खुंट दोन्ही कळवा. आर्थर बेलच्या काड्या ऑक्टोबर छाटणीनंतर देईन. डोळा तुमचा तुम्ही भरा.