‘हे वाचा’ म्हणणाऱ्याची जामीनकी

१८७२ च्या करार कायद्यातील कलम १२६ प्रमाणे हमीच्या व्यवहारास तीन पक्ष लागतात: देणारा धनको, घेणारा ऋणको, आणि ऋणकोने वचन मोडल्यास मी भरून देईन असे सांगणारा जामीनदार. पुस्तक सुचविण्याचा व्यवहार बारकाईने पाहिला तर तोही असाच तिपेडी असल्याचे दिसेल. वाचक आपला वेळ देतो, म्हणून तो धनको; त्या वेळाची फेड करण्याचे वचन देणारे पुस्तक हे ऋणको; आणि ‘हे अवश्य वाचा’ म्हणणारा स्नेही हा दोहोंमधील जामीनदार. पुस्तक फोल निघाले तर त्याला पैसे भरावे लागत नाहीत, परंतु त्याच्या शब्दाची पत उतरते. बेळगाव-निपाणीच्या या दुभाषी प्रदेशात ही जामीनकी कोणी कशी पत्करली, हे पाहणे उद्बोधक आहे.

आपल्या समाजातील पहिला जामीनदार म्हणजे देवळातील पुराणिक. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. वकिली भाषेत बोलावयाचे तर ती ग्रंथाने स्वतःच लिहून दिलेली वचनचिठ्ठी होय, आणि ऋणकोने स्वतःविषयी दिलेली ग्वाही जामीनकी ठरत नाही. जामीनकी पत्करतो तो व्यासपीठावर बसणारा. चातुर्मासात कोणता ग्रंथ लावावयाचा, कोठे थांबून अर्थ सांगावयाचा, हे तो ठरवितो. निवड चुकली तर सभामंडप रिता होऊ लागतो. ‘गुरुचरित्रा’चेच पाहा. निपाणीहून फार दूर नसलेली नृसिंहवाडी आणि कर्नाटकातील गाणगापूर ही त्याची दोन मोठी क्षेत्रे. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड होती असे अभ्यासक मानतात, आणि तरीही ग्रंथ मराठी ओवीत उतरला. तो घरोघर गेला तो सप्ताह करणाऱ्यांच्या मुखाने. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीही तो ‘वाचला’, कारण वाचून दाखविणारा माणूस समोर होता.

दुसरा जामीनदार आला तो छापखान्याबरोबर. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. पुण्यातही त्याच वर्षी ग्रंथालय उघडले, आणि त्याच वर्षी ‘प्रभाकर’ पत्रातून लोकहितवादींची शतपत्रे निघू लागली. ग्रंथ वाचा, वर्तमानपत्रे वाचा, देशोदेशीच्या गोष्टी समजून घ्या, हा त्या पत्रांतील एक आग्रहाचा सूर होता. वाचनालयात शिफारशीला प्रथमच व्यवस्थेचे रूप मिळाले. सभासदांच्या वर्गणीतून कोणते पत्र मागवावयाचे आणि कोणते पुस्तक विकत घ्यावयाचे, याचा जाब चालकांना द्यावा लागे. पुढे १८६७ च्या छापखाने व पुस्तके यांच्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. सरकारचा हेतू पाळत ठेवण्याचा होता यात संशय नाही. परंतु त्यामुळे बातमीमागे उभा राहणारा कोणी तरी नावानिशी वाचकास ठाऊक झाला. आता त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे.

निपाणी ही तंबाखूची पेठ, म्हणून येथे एक परदेशी दाखला अस्थानी होणार नाही. क्यूबातील हवाना शहरी १८६५ पासून चिरूट वळणाऱ्या कामगारांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखविणारा वाचक असे. ग्रंथ कामगार निवडीत आणि त्याचा मेहनताना स्वतःच्या खिशातून देत. केरळात कण्णूरकडील विडी कामगारांतही एकाने वाचावे आणि इतरांनी त्याच्या वाटणीच्या विड्या वळून द्याव्यात अशी रीत होती. वाचावयाच्या ग्रंथासाठी कोणी तरी पदरमोड करतो, तेव्हा निवडही जपून होते.

तिसरा प्रकार स्नेह्यांमधील पत्रांचा. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) बेळगावात वाढले आणि धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापक झाले. समारंभांपासून दूर राहणाऱ्या या लेखकाने सुनीताबाई देशपांडे यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. दोन्ही बाजूंची पत्रे पुढे ग्रंथरूपाने निघाली, आणि ती वाचताना दोन चोखंदळ वाचक एकमेकांना आपापली पुस्तके कशी सोपवितात हे दिसते. जी. ए. तेवढ्यावर थांबले नाहीत. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या तीन कादंबऱ्या त्यांनी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. आवडलेल्या पुस्तकासाठी महिनोन्महिने खपणे, याहून भारी जामीनकी कोणती? इकडे सुनीताबाई आणि पु. ल. यांनी गोव्याचे बा. भ. बोरकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन करून त्या असंख्य श्रोत्यांच्या कानी घातल्या. मराठी आणि कोकणी दोहोंत लिहिणाऱ्या या कवीस ‘सासाय’ या कोकणी संग्रहासाठी १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत बोलके उदाहरण १९४६ साली बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांचे आहे. कन्नड कानाला समजे, परंतु ती लिपी वाचण्याचा सराव नव्हता. पती विरुपाक्ष यांनी कन्नड ग्रंथ वाचून ध्वनिफितीवर उतरवावेत, आणि उमाताईंनी ते ऐकून मराठी करावे, असा क्रम घरात चालला. याच मार्गाने भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकांच्या हाती आल्या. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादास १९८९ चा साहित्य अकादमी पुरस्कारही लाभला. स्वतः विरुपाक्ष मराठी ग्रंथ कन्नडात नेत. सीमेचा तंटा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. या दांपत्याने त्याच सीमेवरून पुस्तकांची ने-आण केली, तीही आधी स्वतः ऐकून, पारखून.

आज सुचविणाऱ्यांची वाण नाही. भ्रमणध्वनीवर सकाळपासून पुस्तके, दूरचित्रवाणीवरील मालिका, पॉडकास्ट आणि बातम्या येऊन पडतात. पाठविणाऱ्याने त्यांतील बरेच काही स्वतः उघडलेलेही नसते. पुढे ढकलण्यास काहीच पडत नाही. धनको आहे, ऋणको आहे, जामीनदार मात्र गायब. दुसरीकडे आपल्या घरांतील पुष्कळ मुले कोकणी वा मराठी बोलतात, पण शाळा कन्नड किंवा इंग्रजी असल्याने आपल्या ग्रंथांपाशी अडखळतात. त्यांना ग्रंथांची यादी देऊन भागणार नाही. विरुपाक्षांप्रमाणे कोणी तरी वाचून दाखवावयास हवे.

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येक देवस्थानाने ग्रंथांच्या कपाटाजवळ एक वही ठेवावी. ज्याने ग्रंथ पूर्ण वाचला असेल, किंवा ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकले असेल, त्यानेच तीत नाव घालावे. तो कोणासाठी आहे हे दोन ओळींत लिहावे, आणि खाली सही करावी. ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातून एका सायंकाळी त्यातील पाच पाने मुलांना सभामंडपात वाचून दाखवावीत. सही करताना हात थोडा थबकेल. तो थबकावा, हेच इष्ट आहे.