एका पानावरील अनेक फॉर्म : सर्व्हरकडील पडताळणी

एकाच वेबपानावर दोन किंवा अधिक स्वतंत्र फॉर्म असताना त्यांपैकी कोणता भरून आला हे सर्व्हरने ओळखणे, तेवढ्याच फॉर्मची माहिती तपासणे आणि चुका त्याच फॉर्मपाशी दाखवणे, अशी संकेतस्थळाच्या बांधणीतील पद्धत. लॉगिन आणि नवीन नोंदणी शेजारी-शेजारी असलेले पान हे तिचे नेहमीचे उदाहरण.

फॉर्मची सोय १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येच प्रमाणित झाली. फॉर्मच्या पोटात दुसरा फॉर्म ठेवता येत नाही; शेजारी कितीही चालतात. सबमिट होताच ब्राउझर त्या एकाच फॉर्मचे रकाने नाव व मूल्य अशा जोड्यांनी पाठवतो. फॉर्मचे स्वतःचे नाव मात्र सोबत जात नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. प्रत्येक फॉर्मला वेगळा पत्ता देणे हा सर्वांत स्वच्छ उपाय. पत्ता एकच ठेवायचा असेल, तर फॉर्मची ओळख सांगणारा छुपा रकाना घालावा. काही जण दाबलेल्या बटणाच्या नावावरून फॉर्म ओळखतात. पण जावास्क्रिप्टच्या 'सबमिट' या आदेशाने फॉर्म पाठवला तर बटणाची जोडी जातच नाही, म्हणून ती खूण भरवशाची नाही.

दोन्ही फॉर्मांत 'ईमेल' नावाचा रकाना असला, की लॉगिनमधली चूक नोंदणीच्या रकान्याखालीही उमटू शकते. वापरणाऱ्याला हातही न लावलेल्या फॉर्मबद्दल बोल ऐकावे लागणे हा खरोखर अन्याय आहे, आणि तो सहज टाळता येतो. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक फॉर्मला 'प्रीफिक्स' देऊन रकान्यांची नावे वेगळी करतात आणि आलेली माहिती फक्त संबंधित फॉर्मला जोडतात. लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये चुकांसाठी नाव दिलेल्या स्वतंत्र 'एरर बॅग' असतात. एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्सची गोष्ट वेगळी. तिथे पानाचा बहुतेक भाग सर्व्हरच्या एकाच फॉर्ममध्ये असल्याने २००५ च्या २.० आवृत्तीत 'व्हॅलिडेशन ग्रुप' आणून रकान्यांचे गट पाडावे लागले.

ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीपुरती असते. 'कर्ल'सारख्या साधनाने कोणीही ती वगळून थेट सर्व्हरला विनंती पाठवू शकतो, त्यामुळे अंतिम पडताळणी सर्व्हरवरच व्हायला हवी. चूक आढळल्यास भरलेली मूल्ये परत दाखवावीत, पासवर्ड मात्र कधीही नाही. सगळे बरोबर असेल तर ३०३ हा एचटीटीपी संकेत देऊन दुसऱ्या पानावर पाठवावे. म्हणजे पान ताजे केल्यावर तीच नोंद दुसऱ्यांदा होत नाही.

एक मर्यादा उरतेच. पूर्ण पान नव्याने आले, की शेजारच्या फॉर्ममध्ये अर्धवट लिहिलेला मजकूर बहुधा जातो, कारण तो सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो. लांबलचक फॉर्मला म्हणूनच स्वतंत्र पान द्यावे.