बर्नआउट (मोटारवाहन)

बर्नआउट म्हणजे वाहन ब्रेकने जागेवर रोखून इंजिनाने फिरणारी चाके वेगाने फिरवणे होय. घर्षणामुळे टायर तापून धूर निघतो. ड्रॅग शर्यतीत टायरांची पकड वाढवण्यासाठी शर्यतीपूर्वी बर्नआउट करतात.

स्वयंचलित गिअरची वाहने

अशा बहुतेक वाहनांत क्लचऐवजी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे पोहोचवतो. ब्रेक आणि अॅक्सलरेटर एकाच वेळी दाबल्यास, चाके फिरू लागेपर्यंत ही शक्ती उष्णतारूपाने तेलातच साठते. काही सेकंदांत तेल अतितप्त होऊन त्याचे वंगणगुण घटतात व गिअरपेटीतील क्लचपट्ट्या जळू शकतात. त्यामुळे अनेक आधुनिक मोटारींत अशा वेळी संगणकीय प्रणाली इंजिनाची शक्ती आपोआप कमी करते.

कायदा

सार्वजनिक रस्त्यावर धोकादायकपणे वाहन चालवणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ नुसार गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास ६ महिने ते १ वर्ष कारावास, १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कामगार व मालमोटारींची वर्दळ असलेले पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीचे रस्ते यास अपवाद नाहीत. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत.