तोंडीचे वीस गुण : खानदेशातल्या भाषा-परीक्षेची गोष्ट

मंडळी, भाषेची परीक्षा ऑनलाइन घ्यावी की कागदावर, हा वाद २०२० पासून आपण सगळ्यांनीच ऐकलाय. आम्ही भाषा शिकवणारी माणसं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं भांडलोही आहोत. पण आज जरा मागं जाऊ या. कागद आणि पडदा यांच्या भांडणाआधी आपल्या खानदेशात एक जुनं भांडण होऊन गेलं होतं, तोंड आणि कागद यांचं. ते कसं झालं हे पाहिलं, की ऑनलाइनचा वाद जरा वेगळा दिसायला लागतो.

पंतोजींच्या शाळेत परीक्षा अशी वेगळी नसायची. धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, परवचा म्हणायचा, मोडी वाचायची. पोराला काय येतं ते रोज ऐकूच यायचं. पुढं सरकारी शिक्षणखातं आलं. १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल सेस बसला, त्यातला वाटा शाळांकडे वळला आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता, ठाणं धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम ही वाटणी १९०६ ची.

या शाळा तपासायला यायचे दिपोटी. पोरानं त्यांच्यासमोर पुस्तक मोठ्यानं वाचायचं, कविता पाठ म्हणायची, अर्थ सांगायचा, मोडी वाचून दाखवायची, ते सांगतील ते शुद्धलेखन घालायचं. म्हणजे निम्म्याहून जास्त परीक्षा तोंडीच होती. मुंबई इलाख्यात त्या काळी खाजगी शाळांच्या अनुदानासाठी निकालावर पैसे मोजायची पद्धत होती. किती पोरं कोणत्या इयत्तेत उतरली, तेवढं अनुदान. पोराच्या जिभेवर शाळेचा पैसा लटकलेला.

आता प्रश्न असा, की त्या जिभेवर मराठी कोणती होती? क्रमिक पुस्तकं मेजर कँडींच्या हाताखालून गेलेली, पुण्याच्या वळणाची. अमळनेर-साक्रीकडचं पोर घरी ‘शे’ म्हणणार, ‘मना’ म्हणणार. पुस्तकात ‘आहे’ आणि ‘माझा’. यावल-जळगावकडच्या लेवा घरातलं पोर ‘माले’, ‘तुले’ म्हणणार. दिपोट्यांच्या कानाला ही चूकच.

गंमत बघा. १९०७ साली ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग छापला गेला. त्यात खानदेशी ही मराठीच्या खंडात नाही, भिल्ल भाषांच्या सोबत ठेवलेली आहे. हे वर्गीकरण सगळ्यांना मान्य नाही, आम्हालाही पुरतं पटत नाही. पण सरकारचा भाषापंडित जिला वेगळी भाषा म्हणतो, ती बोलणाऱ्या पोराची सरकारचंच खातं ‘मातृभाषा’ म्हणून मराठीत परीक्षा घेतं! आज ज्याला आपण दुसरी भाषा शिकणं म्हणू, ते आपल्याकडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या इयत्तेपासून करत आली, आणि त्याचा एकही गुण त्यांना मिळाला नाही.

कागदाचं वजन तिकडे वाढतच होतं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. नोकरी हवी तर लेखी पास व्हायचं. स्वातंत्र्यानंतर एस.एस.सी. आली, तिचंही तेच. तोंडी परीक्षा खालच्या वर्गांत उरली, घरात जुना पाटा उरतो तशी.

इथं एक आडवाट घेतो. याच मुलखात ऐकून लिहून घेणारी माणसं मोठी झाली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक म्हणून आपल्या हातात आहे ते एका माणसाच्या कानामुळे. दुसरं उदाहरण आसोद्याच्या बहिणाबाईंचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ साली त्या गेल्या. घरच्यांनी उतरवून ठेवलेली त्यांची गाणी सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. दिपोट्यांच्या कोणत्याही इयत्तेत ही बाई बसली नसती.

आता २०१८ साली काय झालं ते एकत्र ठेवून पाहा. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्या वर्षी बहिणाबाईंचं नाव मिळालं. आणि त्याच शैक्षणिक वर्षात, २०१८-१९ ला, राज्य मंडळानं दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत वीस गुण, म्हणजे मुख्यतः तोंडीचे, काढून टाकले. ऐंशीचा पेपर शंभराचा झाला. कारण उघड सांगितलं जायचं : शाळा हे गुण खिरापतीसारखे वाटतात. आरोप खोटा नव्हता. तोंडी न घेताच तोंडीचे अठरा-एकोणीस पडलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. निकाल मात्र २०१८ ला ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, सगळा दोष वीस गुणांवर टाकता येणार नाही. तरी ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून वीस गुण परत आले. आम्हाला खटकलं ते वेगळंच. एवढ्या गदारोळात पोरांना बोलता येतं की नाही, हा विषय फारसा कुणी काढलाच नाही. बोलणं झालं टक्के, आणि टक्के झाले बोलणं.

मग कोरोना. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे पन्नास, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाचे तीस आणि अंतर्गतचे वीस जोडून निकाल लावला, तो लागला ९९.९५ टक्के. विद्यापीठांकडे सुप्रीम कोर्टाचा २८ ऑगस्ट २०२० चा निकाल आला, की अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल. ऑक्टोबरमध्ये ती झाली, बहुतेक बहुपर्यायी, बरीचशी मोबाइलवर.

आम्ही तेव्हा मराठीच्या एका पेपरचे प्रश्न काढायला बसलो होतो. कवितेवर चार पर्यायांचा प्रश्न काढून बघा एकदा. कवयित्रीचं गाव कोणतं, संग्रह कोणत्या साली निघाला, अलंकार कोणता. या तिघांपलीकडे हात जाईना. ‘ही ओळ वाचून तुला काय वाटलं’ याचे चार पर्याय करायचे कसे, आणि त्यातला बरोबर कोणता ठरवायचा? प्रश्न नीट झाले, उत्तरतालिका बिनचूक झाली, निकाल वेळेत लागला. कॉपीची चर्चा पुष्कळ झाली. आमच्या मते तिच्याहून मोठी अडचण ही होती, की त्या पेपरात पोराला मराठीतलं एकही वाक्य स्वतःहून लिहावं लागलं नाही, बोलावं तर नाहीच.

पण त्याच मोबाइलनं दुसरंही एक दार उघडलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अंतर्गत गुणांसाठी आम्ही पोरांना सांगितलं, एक उतारा वाचून आणि त्यावर दोन मिनिटं बोलून आवाज पाठवा. ज्याला नेट मिळेल त्यानं तेव्हा पाठवावा, रात्री का होईना. वर्गात मान खाली घालून बसणारी पोरं बोलली. कुणाच्या मागे गिरणीचा पट्टा, कुणाच्या मागे भावंडांची भांडणं. तोंडी परीक्षा इतक्या पोरांची, इतक्या सावकाश, आम्ही आधी कधी घेतलीच नव्हती. वर्गात साठ पोरांची तोंडी दोन तासांत उरकायची म्हणजे काय होतं ते शिक्षकांना माहीतच आहे.

त्यातली साक्री तालुक्यातल्या एका मुलीची ध्वनिफीत आम्ही जपून ठेवली आहे. उतारा तिनं छापील मराठीत सफाईनं वाचला. नंतर स्वतःचं बोलताना आजीचा विषय निघाला आणि तोंडून ‘मनी आजी’ निघून गेलं. ती थांबली, ‘माझी आजी’ म्हणाली, आणि तिथून पुढं तिचं बोलणं चुकत, अडखळत गेलं. गुणांच्या तक्त्यात चार रकाने होते : उच्चार, ओघ, आशय, शुद्धता. आम्ही शुद्धतेचे पूर्ण गुण दिले आणि ओघाचे दोन कापले. तक्ता तसाच कॉलेजात जमा केला.